विलायचीची टरफलं

मुरुम, ता. उमरगा
मंगळवार, ४ मार्च २०२५

आयुष्मती श्रावस्ती हिस,

आई-बाबांचा सप्रेम जयभीम. तुझ्या आईवडिलांनाही आमचा जयभीम सांगावा. आमच्या नातवंडाला, चि. मित्राला, गोड पापा.

पत्रास कारण की, आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. ईटला तुम्हीही सर्व खुशाल असाल अशी आशा आहे. चि. राजपाल व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन महिने होत आले. तब्येत सुधारली आहे. वेळेवर जेवतो, वेळेवर कॉलेजात कामावर जातो. विहारात वंदनेला पुन्हा त्यालाच पुढे बसवतात. येत्या चौदा तारखेला, पौर्णिमेला, विहारात समाजाची चार वडीलधारी माणसं बसणार आहेत. त्यांच्यासमोर तो पंचशील घेऊन शब्द देणार आहे. त्या वेळी तू व मित्रा हजर असावं अशी सर्वांची इच्छा आहे. झालं गेलं विसरून जावं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. तू तुझ्या शिक्षणाचे मूळ कागद मागितले होतेस, ते अजून सापडलेले नाहीत. तू आलीस की दोघी मिळून शोधता येतील.

कळावे.
तुझे आई-बाबा

*

श्रावस्ती, वरचं सगळं तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दोनदा वाचून घेतलं त्यांनी. ते भांड्याला भांड्याचं वाक्य तिसऱ्यांदा वाचायला लावलं, इतकं आवडलं त्यांना. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, स्वतःला अक्षर दिसत नाही. मी वाचीन ते खरं. आता काठी टेकत विहाराकडं गेलेत, पौर्णिमेला सतरंज्या पुरतील का ते बघायला. ते येईपर्यंत हे पान माझं.

तू आमच्या सगळ्यांचे फोन घेणं बंद केलंस. बरं केलंस. या दोन खोल्यांत फोनवर खरं बोलायची सोय नाही, तुला माहीतच आहे. एक जण बोलतो, तिघं ऐकतात.

इकडचं म्हणशील तर शेवग्याला शेंगा लागल्यात. समोरची दीपमाला रोज विचारते, सून कधी येणार म्हणून. मी सांगते, आईची तब्येत बरी नाही तिच्या. तुझ्या आईला तीन महिने मी आजारी पाडून ठेवलंय. माझा गुडघाही आता सगळ्या गल्लीला ठाऊक झालाय. दर गुरुवारी मी उमरग्याला गुडघा दाखवायला जाते. एक्स-रेचं मोठं पाकीट काखेत धरते, म्हणजे कुणी फार विचारत नाही.

गुडघा ठणठणीत आहे. मी बैठकीला जाते.

केंद्रवाल्यांनी राजपालला सोडताना सांगितलं होतं की घरच्यांनीही बैठकीला जायला पाहिजे. तुझे सासरे म्हणाले, "प्याला त्यो, आन् बैठकीला आमी?" म्हणून मी एकटीच गेले. एक खोली आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या थर्मासात चहा. कुणाचा नवरा पितो, कुणाचा पोरगा, एका बाईचा तर बापही आणि दादलाही. सगळ्या बायका तोंडावर पदर घेऊन आत येतात आणि शेजारी डोळ्यांचा दवाखाना आहे म्हणून बाहेर डोळे पुसत जातात. बघणाऱ्याला वाटतं, औषध घातलंय. पुरुष एकच, अंगानं बारीक, सिद्धेश्वर नावाचा. "गुरवार हाय म्हणून आलो," एवढंच म्हणतो आणि बसतो. मराठे, लिंगायत, आम्ही, मुसलमान, सगळे एका थर्मासातला चहा पितात. दारूनं एवढं एक काम केलं, त्या खोलीत कुणाची जात विचारायची सोय ठेवली नाही.

मला पहिल्या दिवशी राग आला होता. रडून काय दारू सुटते का, असं मनात म्हटलं. तरी जात राहिले. पाच गुरुवार मी राजपालचं सांगितलं, किती प्याला, कुठं पडला, काय फोडलं. माझं सांगणं चांगलं असतं, अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगितल्यात. बायका हळहळायच्या. मला बरं वाटायचं.

सहाव्या गुरुवारी द्वारकाबाईंनी मला मध्येच थांबवलं. ही बाई माकणीची, घरचं मोठं शेत, नवरा दारूनं गेला. बैठक तीच चालवते. म्हणाली, "सुमनबाई, तुमच्या पोराचं आमाला आता पाठ झालं. तुमचं काय ते सांगा."

मी म्हटलं, "माझं काय असणार? मी तर दारूला शिवले पण न्हाय."

"म्या तरी कुठं शिवले व्हते? म्या निस्तं मटण रांधायचे. भाईर पितूय त्यापरीस घरात पिऊ दे, डोळ्यांम्होरं ऱ्हाईल. त्याच्या दोस्तांना बी वाढायचे. मेला तवा समदे म्हनले, बाईनं लई केलं." मग चहाचा कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमी काय रांधलं ते आठवा. घाई न्हाय."

त्या गुरुवारी मी चहा संपवून उठले. एसटीत बसले आणि उमरग्यापासून मुरुमपर्यंत मला एकच वास येत राहिला. तो कुठला, हे तुला सांगितल्याशिवाय आता माझी सुटका नाही.

तुम्ही पाहुणे म्हणून आम्हाला ईटला बोलावलंत तो दिवस आठव. तू पोहे दिलेस आणि आत गेलीस. तुझ्या वडिलांनी संकोचत विचारलं, "पोराला काही व्यसन वगैरे?" तुझे सासरे छताकडं बघायला लागले. ते वाईट नाहीत, पण बघायला त्यांना नेहमी छत सापडतं. बोलले मी. म्हटलं, "पाव्हणं, आमच्या घरात रोज पंचशील म्हणतेत. पाचवं शील त्याच्या तोंडात बसलंय. आवाज तर ऐका एकदा." आणि राजपालला म्हणायला लावलं.

त्याचा आवाज कसा आहे, तुला माहीत आहे. तुझ्या आईनं आतल्या दारात उभं राहून डोळे पुसले. तुझ्या वडिलांनी पुढं काही विचारलंच नाही. दारू न पिण्याचा शब्द जो इतका गोड म्हणतो तो पीत कसा असेल, असं त्यांना वाटलं. वाटावं म्हणूनच मी म्हणायला लावलं होतं. त्या वेळी राजपाल पाच वर्षांपासून पीत होता.

मला तेव्हा वाटायचं, लग्न झालं की सुधरेल. ज्या घरात पोरगं सुधरत नाही त्या घरात हे वाक्य असतंच. दुसऱ्याची मुलगी आणायची आणि आपल्या पोराचं औषध म्हणून वापरायची. औषध कडू निघालं तर दोषही औषधालाच.

लग्नाच्या दिवशी सकाळी, जानवशात, मी त्याला फेटा द्यायला गेले तर तोंडाला वास. समोर मांडवात लोक बसलेले, बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या लागलेल्या, तुला आणून बसवायला निघाले होते. मला एसटी लागते म्हणून माझ्या बटव्यात विलायची असायची. मी चार विलायच्या माझ्या हातानं त्याच्या तोंडात घातल्या. म्हटलं, "चाव. नीट चाव. आन् तिच्याकडं तोंड करून बोलू नगस." त्यानं चावल्या आणि मांडवात येऊन पाचही शीलं म्हटली, पाचवं सगळ्यात मोठ्यानं. मांडवातले सगळे त्याच्या मागून म्हणाले. तूही म्हणालीस.

लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांनी तू चुलीपाशी बसून मला हळूच म्हणालीस, "आई, ह्यांच्या तोंडाला विलायचीचा वास येतो. मला आवडतो." लाजलीस. मी भाकरी उलटायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. पुढं तर तू त्याच्या चहात विलायची घालायला लागलीस, त्याला आवडते म्हणून. साडेपाच वर्षं रोज सकाळी तो वास घरात फिरायचा आणि मी चहा प्यायचे. श्रावस्ती, चहा चांगला व्हायचा.

त्याच्या रजेचे अर्जही मीच लिहायचे. माझं अक्षर वळणदार. त्या अर्जांप्रमाणे राजपालला एका वर्षात तीनदा कावीळ झाली. तू शाळेतली नोकरी सोडलीस ती मी सांगितलं म्हणून. घरात कुणीतरी पाहिजे त्याच्याकडं बघायला, असं म्हणाले होते. आणि तू रडलीस की मी म्हणायचे, पदरी पडलं पवित्र झालं. पदर तुझा, म्हणणारी मी.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारचं आता लिहायला हवं. पण काठीचा आवाज येतोय.

त्यांना वाटतंय मी अजून पत्त्याशीच खटपट करतेय. आत्ता एवढंच. राजपाल चांगला दिसतोय, अंग धरलंय. हे सगळं वाचून तू काय ते ठरव. यायचं असलं तर ये, नसलं तर मी तुला दोष देणार नाही.

*

उमरगा
गुरुवार, ६ मार्च

पत्र अजून टाकलेलं नाही. बैठक संपली, बायका गेल्या, मी त्याच खोलीत बसून लिहितेय. द्वारकाबाई थर्मास धुतेय. तिनं विचारलं नाही काय लिहिते म्हणून.

आज मी माझं सांगितलं. ईटचे पोहे, जानवसा, चार विलायच्या, सगळं. मला वाटलं होतं, बायका तोंडावर हात ठेवतील. कुणीच काही केलं नाही. एकीनं पाय मोकळे केले. सिद्धेश्वर खाली फरशीकडं बघत बसला. मग हर्षाली म्हणून एक पोरगी येते, लग्नाला वर्षही झालं नाही, ती कोपऱ्यातून म्हणाली, "मावशी, तुमच्या सुनंला हे ठाव हाय का?"

मी म्हटलं, "लिहिलंय. पत्रात लिहिलंय."

"समदं?"

मी व्हय म्हणणार होते. तोंड उघडलं होतं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ते आलं नाही. ऑक्टोबरात तू माझ्याकडं बघितलं होतंस ना, तसंच बघत होती ती.

द्वारकाबाई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हनत्येत. एकदा उघडून बगा बाई, आत काय हाय."

तर उघडते. तुला जपून लिहीत होते, ते आता पुरे.

रविवार, २० ऑक्टोबर २०२४. सकाळचे दहा वाजले होते. तू त्याची बाटली मोरीत ओतलीस. त्यानं तुला दोन्ही हातांनी ढकललं. तू उंबऱ्यावर पडलीस आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. मी मोरीपासून चार पावलांवर तांदूळ निवडत बसले होते. सगळं बघितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "धुण्याच्या दगडावरनं पाय घसरला." तू माझ्याकडं बघितलंस आणि गप्प बसलीस. संध्याकाळी तुझ्या वडिलांचा फोन आला तेव्हाही मी तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, बाई जरा धांदरट आहे तुमची. तिसऱ्या दिवशी तू मित्राला घेऊन गेलीस. गल्लीत मी आधी सांगितलं, हात मोडला म्हणून माहेरी आराम करायला गेली; तुझ्या आईचं आजारपण त्यानंतरचं.

मी वरची तारीख आणि वेळ मुद्दाम लिहिली आहे. हे पत्र तुझ्या वडिलांना दाखव. वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव. अक्षर माझं आहे, हे मुरुममध्ये कुणीही सांगेल.

आता दुसरं. मंगळवारी मी तुला लिहिलं, राजपाल चांगला दिसतोय. सोमवारी मी त्याचे कपडे धुवायला घेतले होते. निळ्या शर्टाच्या खिशात हात घातला तर विलायचीची टरफलं. सात-आठ असतील, ओली झालेली, बोटांना चिकटली. मी हात नाकाशी नेला नाही. न्यायची गरजच नव्हती. त्याला ते कुणी शिकवलं हे मला माहीत आहे.

टरफलं मी मोरीत टाकली आणि वर पाणी सोडलं. जेवताना त्याच्या ताटात भाकरी वाढली. तो म्हणाला, "आई, आज मन लागत न्हाय गं, ती येईल ना?" मी म्हटलं, येईल. त्याला खरंच तुझी आठवण येते, हे खोटं नाही. तो रडतो तेही खोटं नाही. पितो तेही नाही. तिन्ही एकाच माणसात आहेत आणि त्यातलं एक उचलून मी तुला पत्र लिहायला बसले. जुनं खोटं तुला सांगत होते, ते नवं झाकायला. मंगळवारी जर हे पत्र टाकलं असतं तर तू वाचून म्हणाली असतीस, सासूनं एवढं मन मोकळं केलं, म्हणजे आता खरं बोलत असेल. आणि आली असतीस. तशी तू आहेस.

तुझे कागद हरवलेले नाहीत. दहावी, बारावी, डी.एड., जातीचा दाखला, सगळे माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहेत. आहेत म्हणजे होते. तू गेलीस त्याच दिवशी तुझे सासरे म्हणाले, "कागद हातात ठेव. कागदांमागं का हुईना, येती." किल्ली माझ्या कमरेला, म्हणजे माझंच काम. वसतिगृहातल्या नोकरीसाठी वीस तारखेला मूळ कागद दाखवायचे आहेत, असं तू पत्रानं कळवलंस तेव्हा पुन्हा घरात ठरलं, चौदाला ती येईल, चार माणसांसमोर परत जायची गोष्ट कशी काढेल? आणि एकदा घरात पाऊल पडलं की वीस तारीख निघून जाईल. मी त्या वेळी भाजी चिरत होते. मान हलवली.

आज सकाळी ट्रंक उघडली आणि सगळे कागद एक्स-रेच्या पाकिटात घातले. तुझे सासरे ओट्यावर बसले होते. पाकिटाकडं बघून म्हणाले, "गुडघा अजून दुखतूय व्हय गं?" मी म्हटलं, "लई दुखतूय." हे शेवटचं खोटं असेल असं लिहायला माझा हात धजत नाही. पण कागद पाकिटात आहेत. हे पत्र आणि ते, दोन्ही एकत्र, इथल्याच पोस्टातून रजिस्टरनं टाकतेय. पोचले की एक-एक मोजून बघ. अकरा आहेत.

मागच्या बाजूला द्वारकाबाईंचा नंबर लिहिलाय. तिनं स्वतः लिहिला. म्हणाली, "पोरीला म्हनावं, नवरा सोडला तरी जीव त्याच्यातच गुतलेला ऱ्हातो. कवा बी फोन कर म्हनावं, सासूचं नाव बी काढणार न्हाय म्या." भूम-बार्शीकडं अशी बैठक कुठं भरते तेही ती विचारून ठेवणार आहे. जा तिथं. एकदा तरी जा. तुझं काही चुकलं होतं का, हा प्रश्न तुला पडत असेल, मला माहीत आहे, कारण तो तुझ्या डोक्यात मीच घातला. तिथल्या बायका तो काढून टाकतात. माझ्या डोक्यात त्यांनी जे घातलं ते मात्र निघायचं नाही, आणि निघूही नये.

राजपाल माझा मुलगा आहे. तो माझ्याकडं राहील. जेवण वाढीन, कपडे धुईन, पुन्हा केंद्रात जायला तयार झाला तर नेऊन सोडीन. अर्ज लिहिणार नाही. त्याला सांभाळणं हे तुझं काम कधी नव्हतंच, ते मी तुझ्या डोक्यावर ठेवलं होतं. आता उतरव.

चौदा तारखेला विहारात तो उभा राहील. आवाज अजून तसाच आहे, लोक रडतील. मी पुढच्या सतरंजीवर असेन. मी उठून सगळ्यांसमोर सांगेन की बसून राहीन, ते आज लिहून देत नाही. माझ्या शब्दावर तू एकदा मांडवात बसलीस, तेवढं पुरे झालं. म्हणून शब्द ठेवून घेते आणि कागद पाठवते.

येऊ नकोस, श्रावस्ती. चौदाला नको आणि नंतरही नको. मित्राला घेऊन तर मुळीच नको. मी आजारी आहे असा निरोप आला तरी येऊ नकोस. तो निरोप कुणी लिहिला असेल, हे तुला आता कळेल.

पहिल्या पानावर खाली "आई-बाबा" लिहिलंय, ते त्यांनी सांगितलं म्हणून. राजपालच्या अर्जांखाली मी नेहमी "आपला विश्वासू" लिहायचे. यातलं काहीच इथं लिहिता येत नाही.

सुमनबाई